तळहातावरचं कालवण

ज्यांना त्या बारीक पांढऱ्या गोळ्या महिनोन्‌महिने घ्यायला सांगितलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. परळच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सुभद्राबाई, आमचं कुणी ऐकत नाही. तुम्ही लिहिलंत तर ऐकतील." मी मराठी चौथी शिकलेली, लालबागला खाणावळ चालवणारी बाई. तीस माणसांना दोन वेळा जेवू घालते, तर चार कागद भरायला काय हरकत आहे, असं म्हणून बसले आहे. औषधांची इंग्रजी नावं मला येत नाहीत, आणि तुम्ही ती पाठ करून काही उपयोगही नाही. मी माझ्या हातांचं, माझ्या तोंडाचं आणि माझ्या सुनेचं सांगणार आहे.

हात

माझ्याकडे जेवणारे सगळे मालवणकडचे गिरणीकामगार. बायकामुलं गावी, इथे एकेका गाळ्यात दहा-पंधरा जण, आणि जेवण माझ्या घरी. यजमान गेले तेव्हा मुलगा अकरा वर्षांचा होता. तेव्हापासून या दोन हातांवरच घर चाललं. तो मोठा झाला, गिरणीत लागला, त्याचं लग्न झालं, तरी चूल माझीच.

संयुक्त महाराष्ट्राच्या सभा आणि मोर्चे अगदी भरात होते, तेव्हाची गोष्ट. एका सकाळी उठले तर बोटं उघडेनात. कुणी आतून दोरी आवळून बांधावी तशी मूठ मिटलेली. ऊन वर येईपर्यंत ती तशीच राही. अंबाडा घालता येईना, लुगड्याचा काष्टा खोचता येईना. सून हौसा एकेक बोट तेल लावून सोडवी. निरगुडीचा पाला झाला, विटेचा शेक झाला, गावच्या देवाला नारळ बोलून झाला. एक दिवस भाकरी थापायला काटवटीत हात टेकला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. त्या दिवसापासून भाकऱ्या हौसा थापायला लागली.

हौसा साताऱ्याकडची. माझ्या मुलाच्या खात्यातल्या सोबत्याची बहीण. पोरगी गुणाची, कामाला वाघीण, पण माशाच्या टोपाजवळ मी तिला फिरकू देत नव्हते. नदीचा मळ्या मासा खाऊन वाढलेल्या माणसाने समुद्राच्या बांगड्याशी काय बोलावं! तिने केलेली तांदळाची भाकरी चिरली की मी मुद्दाम मोठ्याने म्हणायची, "घाटावरची ना!" ती पुढचा गोळा काटवटीत घेई. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं लिहायचं ठरवलं आहे.

शेवटी मुलाने परळला नेलं. डॉक्टरीणबाईंनी एकेक पेर दाबून बघितलं, गुडघे बघितले, रक्त काढलं. मग समोर बसवून म्हणाल्या, "हा साधा वात नाही. हा बरा होऊन निघून जाणारा आजार नाही. पण त्याला आवरता येतं."

मी एकच विचारलं, "बाई, भाकरी थापता येईल का?"

त्यांनी कागद ओढून चिठ्ठी लिहायला घेतली. म्हणाल्या, "नवीन गोळ्या निघाल्या आहेत. गुणाच्या आहेत आणि खोडीच्याही आहेत. रोज काहीतरी खाऊनच घ्यायच्या. आणि कितीही बरं वाटलं तरी मनाने एकदम बंद करायच्या नाहीत. जिवावर बेतेल."

चौथ्या दिवशी मूठ उघडली. उघडली, मिटली, परत उघडली. मी कुणाला न सांगता काटवट ओढली आणि एक भाकरी थापली. तव्यावर ती टम्म फुगली आणि मी चुलीपुढे बसून ढसाढसा रडले. हौसाला वाटलं, डोळ्यांत धूर गेला.

गोळीची भूक

आता खोडी. पहिली म्हणजे भूक. जेवून हात धुवायचा आणि धुता धुता वाटायचं, कालचा भात उरला आहे का? दोन भाकऱ्या खाणारी मी चार खाऊ लागले. वर मूठभर चणे, वर गुळाचा खडा. पहिली शिकवण इथेच सांगून टाकते: ती भूक तुमची नव्हे, ती गोळीची आहे. ती तुमच्या पोटातून बोलते म्हणून तिला आपली समजू नका.

मी मात्र आपलीच समजले. दोन महिन्यांत तोंड ताटलीसारखं गोल झालं, गालांनी डोळे बारीक केले, चोळीचे टाके उसवले. आणि चाळीत कौतुक! "काकी, औषध मानवला हो तुमका!" शेजारणी गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडायच्या. आमच्याकडे जेवणारांत सगळ्यांत वडील तात्या. माझ्या माहेरच्या गावचे, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारे. ते म्हणाले, "आता खरी खाणावळवाली दिसतंस गो." हाडं निघालेल्या खाणावळवालीकडे कोण जेवायला येईल? मलाही आधी बरंच वाटलं.

मग पाय सुजले. नडगीवर बोट दाबलं की खळगा पडे आणि बराच वेळ भरून येत नसे. जिना चढताना धाप लागे. आरशात बघायचं मी सोडून दिलं, कारण आत कोणीतरी दुसरीच बाई बसली होती. डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा बांधून रक्ताचा दाब बघितला आणि कपाळाला आठी घातली.

"मीठ बंद. लोणचं, पापड, सुकट, खारवलेले मासे, सगळं बंद. भात एक वाटी, भाकरी एक. भाज्या खा, ताजे मासे खा, पण अळणी."

म्हणजे आमचं अर्धं कोकणच बंद.

पण मी हट्टी आहे. एकदा ठरवलं की ठरवलं. मीठ घालण्याआधी माझ्यापुरतं कालवण बाजूला काढू लागले. अळणी जेवण पहिले आठ दिवस गळ्याखाली उतरत नाही, दहाव्या दिवशी उतरतं. आमसूल जरा जास्त घाला, लिंबू पिळा, हिरवी मिरची ठेचून घ्या, जिरं भाजून चुरडा, जीभ फसते. बसून खा, ताटलीत वाढून घेऊन खा, टोपातलं उरलंसुरलं उभ्याने संपवू नका. आणि गोळ्या संपायच्या आठ दिवस आधीच आणून ठेवा. त्या दिवसांत कधी हरताळ पडेल आणि रस्ते बंद होतील याचा नेम नसे. मी एकदा थोडक्यात वाचले.

काकीचं पोतं

वजन दर आठवड्याला बघायचं होतं. दर आठवड्याला इस्पितळात कोण जाणार? आमच्या गल्लीच्या तोंडाशी मसाले कुटायचा डंक होता, तिथे मिरचीची पोती तोलायचा मोठा टांगता काटा. डंकावरच्या गणूने मला एका पारड्यात बसवलं, दुसऱ्यात पोतं ठेवून दोन्ही बाजू सारख्या होईपर्यंत त्यात रेती भरली. त्या पोत्याचं तोंड शिवून कोपऱ्यात ठेवलं आणि वर कोळशाने लिहिलं, काकी. दर रविवारी मी आणि ते पोतं आमनेसामने.

तमाशा बघायला पाळीवरून सुटलेली माझीच माणसं जमायची. मी पारड्यात बसले की तात्या हात उंचावून ओरडायचे, "वजन कमी—" आणि बाकीचे सभेतल्या आवाजात, "झालाच पाहिजे!"

पण होत नव्हतं. माझं पारडं पहिल्या रविवारी खाली, दुसऱ्या रविवारी खाली, चौथ्या रविवारीही खाली. पोतं आपलं वर लटकलेलं. महिन्याने इस्पितळात काट्यावर उभी राहिले तर चार पौंड वाढलेले. दाबही चढलेला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सुभद्राबाई, तुम्ही घरी काहीतरी खारट खाता आहात."

"देवाशपथ नाही. सगळं अळणी जेवते."

"तुमचे पाय तसं सांगत नाहीत."

माझं डोकं सणकलं. आयुष्यात कुणी मला खोटारडी म्हटलं नव्हतं. मी उठून उभी राहिले. त्यांनी हाताने बसा म्हटलं आणि अगदी शांतपणे सांगितलं, "रागावू नका, ऐका. पुढच्या महिन्यातही असंच राहिलं तर मला या गोळ्या हळूहळू कमी करत बंद कराव्या लागतील. हृदयावर ताण येतो आहे."

"बंद केल्या तर हात?"

त्यांनी पुढच्या महिन्याची तारीख कागदावर लिहिली. मी माझ्या मांडीवरच्या उघड्या बोटांकडे बघितलं. परळहून लालबागपर्यंत चालत आले आणि वाटभर मूठ मिटत-उघडत होते. भीती वाटली, हे कबूल करते. मरणाची वाटली नाही. तीस माणसं पाटावर बसली आहेत आणि माझे हात मांडीवर नुसते पडले आहेत, याची वाटली.

चिंचोके

घरी येऊन मी सगळ्यांसमोर डॉक्टरीणबाईंचा उद्धार केला. मुलगा म्हणाला, दुसरा डॉक्टर बघू. हौसा माझ्या सुजलेल्या पायांकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी दोन्ही वेळची जेवणं आटोपल्यावर तिने माझ्यापुढे एक वाटी ठेवली. वाटीत चिंचोके, काठोकाठ.

"ह्या काय?"

"आत्याबाई, आज सकाळधरनं तुमी येक डाव चाखलं की मी येक चिंचोका टाकत गेले."

कोकणातली कुठलीही बाई कशी स्वयंपाक करते ते सांगते. वाटप घातलं की पळीतून दोन थेंब डाव्या तळहाताच्या खळग्यात टाकायचे आणि ओढून घ्यायचे. मीठ घातलं की परत. आमसूल उकळलं की परत. टोप उतरवताना परत. माझ्याकडे दोन टोप माशांचे, एक आमटीचा, एक भाजीचा, आणि हे दोन वेळा. शिवाय एखादा उशिरा आला आणि कालवण तापवलं की पुन्हा. आईने मला आठव्या वर्षी शिकवलं होतं की न चाखता वाढणं म्हणजे जेवणाराचा अपमान. तळहात तोंडाशी कधी जातो हे मला कळतच नव्हतं. श्वास घेतलेला कुणाला कळतो?

पण त्या क्षणी हे काही सुचलं नाही. दिसलं ते एवढंच, की माझ्या घरात, माझ्या चुलीशी, सुनेने माझ्यावर पाळत ठेवली.

"माझे घास मोजतंस?"

"घास न्हाई वं. जेवला त्ये मी कदी मोजलं न्हाई. ह्ये निस्तं चाखल्यालं हाय. हातावरचं मीठ बी मीठच की."

"तू घाटावरची, तुका काय कळता माशातला!" मी वाटी ढकलून दिली. चिंचोके मोरीपर्यंत घरंगळत गेले.

तिने खाली बसून एकेक वेचला. डोळ्यांतलं पाणी पुसलंही नाही. दोन दिवस आम्ही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी बांगड्याच्या टोपावर वाकले असताना माझा डावा हात आपोआप पुढे आला आणि मी तो तसाच हवेत धरून उभी राहिले. खळग्यात दोन थेंब होते. डॉक्टरीणबाई बरोबर होत्या आणि मीही खोटं बोलले नव्हते. मी हात राखेने घासून धुतला.

सभेचा दिवस

चाखणं सोडलं, पण पळी सोडली नाही. म्हटलं, तीस वर्षं टोप ढवळते आहे, नाकाने कळेल. तिरफळाचा वास सुटला की कालवण झालं. मीठ मुठीच्या मापाने. आठ-दहा दिवस निभावलंही. हौसा लांबून बघायची, विचारायची नाही, आणि मी सांगायची नाही.

मग शिवाजी पार्कवर मोठी सभा होती त्या दिवशी सगळ्यांना दुपारीच लवकर जेवून निघायचं होतं. एकदम तीस पाट. मी आणि हौसा घामाघूम. माणसं जेवली, नेहमीसारखी थट्टामस्करी झाली, कुणी दुसऱ्यांदा कालवण मागून घेतलं. तात्यांनी जाताना ढेकर दिली आणि "बरा झाला हां गो" म्हणून गेले.

घर रिकामं झाल्यावर आम्ही दोघी बसलो. मी माझं वेगळं काढलेलं अळणी घेतलं. हौसाने टोपातलं वाढून घेतलं, पहिला घास तोंडात घातला आणि ती थांबली.

"काय झाला?"

तिने दुसऱ्या टोपातलंही चाखून बघितलं. शेवटी अगदी हळू म्हणाली, "मीठच न्हाई पडलं ह्यात."

दोन्ही टोपांत नव्हतं. तीस माणसं, चार वर्षांपासून ते वीस वर्षांपासून माझ्याकडे जेवणारी, मीठ चिमूटभर कमी पडलं तर पाटावर हात आपटणारी, दोन टोप अळणी कालवण संपवून गेली होती आणि कुणी चकार शब्द काढला नव्हता. मला वाटलं, झालं. गिऱ्हाईक बोलेनासं झालं म्हणजे जायच्या बेतात आहे. उद्यापासून एकेक जण दुसरी खाणावळ धरणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंग्याच्या आधी तात्या चहाला आले. मी चहा पुढे न ठेवता विचारलं, "तात्यानू, काल मीठ नव्हता. सांगलास कित्याक नाय?"

तात्यांनी खाली बघितलं. "सांगूचा नाय असा ठरलला."

"कोणी ठरवल्यान?"

"सगळ्यांनी. चिंचोक्यांचा भांडाण सगळ्या चाळीन आयकलल्यान. पयल्या घासाकच कळला. सांगला असता तर तू परत चाखूक लागली असतंस. एक दिवस अळणी खाल्लाव म्हणान कोण मरणा नाय." मग चहाची बशी स्वतःच ओढून घेत म्हणाले, "तुझे हात ऱ्हवले तर आमचा पोट भरतला गो."

मला रडू आवरेना. सून मोजते म्हणून मी चिडले होते, आणि इथे तीस माणसं मला न सांगता माझ्यावर तसंच लक्ष ठेवून होती.

त्या दुपारी बांगड्याचं कालवण उकळलं तेव्हा मी हौसाला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली.

"हात पुढे कर."

"का वं?"

"कर म्हणतंय ना!"

तिने डावा तळहात पुढे केला. मी पळीतले दोन थेंब त्याच्या खळग्यात टाकले. तिने ओढून घेतले, डोळे मिटले, आणि मी आयुष्यात कुणाच्या निकालाची वाट बघितली नसेल इतकी बघत राहिले.

"मीठ उलीसं कमी हाय. आन् आत्याबाई, आंबट बी जरा कमी पडलंया."

आंबट खरोखरच कमी होतं. दोन आमसुलं ऐन वेळी सापडली नव्हती आणि मी तशीच पुढे गेले होते. नदीचा मासा खाऊन वाढलेल्या पोरीने ते ओळखलं. मी मिठाची बरणी तिच्या हातात दिली.

आता

त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी डंकावर पोतं खाली गेलं आणि मी वर. गणूने मला पारड्यातून उतरूच दिलं नाही. गल्लीभर ओरडून सगळ्यांना बोलावलं. पुढे पुढे पोत्यातली रेती काढावी लागली. पायांवरचे खळगे गेले. इस्पितळात मी डॉक्टरीणबाईंसमोर चिंचोक्यांची वाटी ठेवली आणि सगळं सांगितलं. त्या खूप हसल्या, मग गंभीर होऊन म्हणाल्या, "चुकलं माझं. मी ताटातलं विचारलं, हातावरचं विचारलंच नाही." आता त्या प्रत्येक बाईला विचारतात, स्वयंपाक कोण करतं?

गोळ्या चालूच आहेत. अर्ध्यावर आल्या आहेत, पण चालू आहेत. तोंड अजून थोडं गोल आहे आणि ते तसंच राहिलं तरी माझी हरकत नाही. काही सकाळी बोटं आखडतात, मग उघडतात. तुमचीही उघडतील. फक्त घरातलं कुणी तुमच्या खाण्याबद्दल काही बोललं तर माझ्यासारखी वाटी ढकलू नका.

महाराष्ट्र झाला त्या दिवशी आमच्याकडे सगळ्यांना गोडाधोडाचं जेवण होतं. स्वयंपाक हौसाने केला, मी भाकऱ्या थापल्या. चुलीवर आमटीचा मोठा टोप आणि त्याच्या शेजारी माझं छोटं अळणी पातेलं. मी बघत होते. तिने आधी छोट्या पातेल्यातले दोन थेंब तळहातावर घेतले.

मी म्हटलं, "अगो, त्यात काय चाखतंस? त्यात मीठच नाय."

तिने थेंब ओढून घेतले, थोडा विचार केला आणि लिंबाची फोड उचलली.

"तुमचं चाखल्याबिगर कसं वाढू, आत्याबाई?" ती म्हणाली, आणि पातेल्यात लिंबू पिळलं.